इमारत हिरवी, पण खालची माती?

जुना कारखाना, पेट्रोल पंप किंवा कचरा डेपो हटवून तिथे इमारत बांधायची, तर गच्चीवर सौर पॅनेल बसवून भागत नाही. पायाखालची माती विषारी असेल, तर रहिवाशांचा धोका कायम राहतो. म्हणूनच 'लीड' या अमेरिकी हरित मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत प्रदूषित जागा स्वच्छ करून वापरणाऱ्या प्रकल्पाला २ गुण मिळू शकतात. मात्र प्रदूषण तपासणीत आढळलेले हवे आणि सफाई सरकारी यंत्रणेच्या कसोटीला उतरायला हवी.

ही सफाई होते कशी? २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी निवडलेली पूर्व लंडनमधली जागा पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उद्योगांमुळे तिथल्या मातीत तेल, डांबर, शिसे, आर्सेनिक मुरले होते. माती उकरून जागेवरच उभारलेल्या 'माती रुग्णालयां'त नेली गेली. तिथल्या यंत्रांत ती पाण्याने घुसळून, चाळून धुतली जाई. विषारी द्रव्ये मुख्यतः बारीक गाळाला चिकटतात. तो वेगळा काढला की वाळू आणि खडी पुन्हा कामी येते. तेलकट मातीवर जिवाणूंचाही उपाय चालतो. उकरलेल्या मातीपैकी सुमारे ८० टक्के माती तिथेच पुन्हा वापरली गेली.

असे काम खर्चिक आणि वेळखाऊ असते. पण त्यामुळे शहरातली पडीक जागा वापरात येते आणि वेशीबाहेरची शेते वाचतात. तरीही अशा जागेवर घर घेताना मानांकनाच्या पाटीवर समाधान मानू नका. माती आणि भूजलाचे तपासणी अहवाल हक्काने मागा.