नटानें बिऱ्हाड कोठें करावें?

नाटकांत काम करण्याची ओढ ज्याला लागली, त्या तरुणापुढें पहिला प्रश्न भूमिकेचा नसतो, बिऱ्हाडाचा असतो. भूमिका आज ना उद्यां कोणी तरी देईल. परंतु ती देणाऱ्याच्या नजरेसमोर राहावयाचें, तालमीला वेळेवर हजर व्हावयाचें आणि रात्रीं उशिरां सुखरूप परत यावयाचें, तर राहावयाचें कोठें? मुंबईंत ह्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें आगगाडीच्या रुळांनींच देऊन ठेवलें आहे. मराठी नाटकाचा नट दादरचें नांव घेतो, कारण शिवाजी मंदिर तेथें आहे आणि पश्चिम व मध्य ह्या दोन्ही रेल्वेंच्या लोकल तेथें मिळतात. चित्रपटाचा उमेदवार गोरेगांव-अंधेरीकडे खोली पाहतो, कारण दादासाहेब फाळके चित्रनगरी गोरेगांवांत आहे. खोलीचें भाडें आणि प्रवासाचे तास हीं दोन पारडीं दोघांनाहि सांभाळावीं लागतात.

हाच तराजू चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांतल्या नटांच्याहि हातीं असतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया ह्या जिल्ह्यांतील वैनगंगेच्या खोऱ्याला झाडीपट्टी म्हणतात. दंडार आणि खडी गंमत ह्या लोकनाट्यांच्या भूमींत येथली रंगभूमी वाढली. तिची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. हा धानाचा मुलुख. दिवाळीच्या सुमारास धान घरीं येऊं लागतें, गांवोगांव मंडई भरते, लेकीबाळी माहेरीं येतात, पाहुणे जमतात, आणि त्या रात्रीं गांवांत नाटक झाल्याशिवाय मंडई पुरी होत नाहीं. तेथून होळीच्या आसपासपर्यंत मोसम चालतो. प्रयोग रात्रीं दहाच्या सुमारास उभा राहतो आणि पहांटेपर्यंत रंगतो. गारठ्यांत घोंगड्या पांघरून आलेलें सारें घर तो शेवटपर्यंत पाहतें.

ह्या रंगभूमीची मुंबई म्हणजे गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा. सरकारी कागदांत त्याचें नांव देसाईगंज. गांव लहान, पण मोक्याच्या जागीं वसलेलें. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. वैनगंगेचा पूल ओलांडला कीं ब्रह्मपुरीचा रस्ता लागतो. उलट बाजूला आरमोरी, कुरखेडा आणि गडचिरोलीकडे रस्ते फुटतात, तर भंडारा-गोंदियाकडचीं गांवेंहि फार दूर नाहींत. म्हणून नाटक कंपन्यांनीं आपलीं कचेऱ्या येथें थाटल्या. गांवचें मंडळ वडशाला येतें, नाटक व नटसंच पाहतें, तारीख ठरवितें आणि एका रात्रीचा मोबदला कबूल करतें. तिकिटांची विक्री मग मंडळाची. नटाला पैसे मिळतात ते रात्रीच्या हिशेबानें. रात्र बुडाली कीं तेवढी कमाई बुडाली.

ह्या एका गोष्टीवरून बिऱ्हाडाचा सारा हिशेब फिरतो. मुंबईचा नट नाट्यगृहाकडे जातो. झाडीपट्टींत नाट्यगृहच रोज नव्या गांवीं उभें राहतें. एकेकाळीं हा प्रवास बैलगाडीनें होई. आतां कंपनीची मोटार दुपारीं किंवा तिसऱ्या प्रहरीं नट, वादक व सामान घेऊन वडशाहून निघते. आज सिंदेवाहीकडे, उद्यां लाखांदूरकडे, परवां कोरचीच्या रानाकडे. रंगमंच रोज बदलतो. मोटार सुटण्याची जागा मात्र बदलत नाहीं. म्हणून झाडीपट्टीच्या नटाला आपलें घर नाट्यगृहापासून नव्हे, त्या मोटारीपासून मोजावें लागतें.

उमेदवारापुढें तीन वाटा असतात. पहिली, वडशांतच कचेऱ्यांच्या जवळ खोली घेण्याची. भाडें द्यावें लागतें. एकट्यानें न परवडलें तर चौघांनीं मिळून राहावें लागतें. परंतु हिचा एक मोठा लाभ आहे. येथील नाटकांना तालमी थोड्या आणि प्रॉम्प्टरचा आधार मोठा. त्यामुळें एखादा नट ऐन वेळीं आजारी पडला, तर दुसऱ्याला त्याच रात्रीं उभें करतां येतें. मोटार दारांत उभी असतां मालक ज्याच्या खोलीवर माणूस धाडूं शकेल, त्यालाच ती संधि मिळते. दूरध्वनि प्रत्येकाच्या खिशांत आला, तरी त्यानें अंतर कांहीं मिटलेलें नाहीं. निरोप क्षणांत पोंचतो, माणूस पोंचत नाहीं. नव्या नटाची पहिली मोठी भूमिका पुष्कळदां अशा बदलीच्या रात्रींतूनच निघते.

दुसरी वाट, नदीपलीकडे ब्रह्मपुरीस किंवा आरमोरीस राहण्याची. तेथें शाळा-महाविद्यालयें आहेत, दिवसाचें दुसरें काम मिळूं शकतें. ज्याला संसार आहे त्याला ही सोय मोलाची. मात्र मोटार रोज त्या बाजूनें जाईलच असें नाहीं, हें त्यानें आधींच धरून चालावें.

तिसरी वाट, आपल्याच गांवीं राहून ये-जा करण्याची. येथले कित्येक नट मुळांत शेतकरी आहेत. २०२३ सालीं पद्मश्री मिळालेले डॉ. परशुराम खुणे हे कुरखेडा तालुक्यांतील गुरनोलीचे. शेती करीत त्यांनीं पांच हजारांवर प्रयोग केले आणि सुमारें आठशें भूमिका रंगविल्या. घरचा भात, घरचें छप्पर आणि शेतावर नजर, हा ह्या वाटेचा नफा. पण तिची किंमत पैशांत मोजली जात नाहीं. रात्रभर उभें राहून काम केलेला नट पहांटे वडशाला उतरतो आणि तेथून पुढें मोटारसायकलीवर एकटा आपल्या गांवाकडे निघतो. थंडीनें बोटें आंखडलेलीं, रस्त्यावर धुकें, डोळ्यांवर झोंप. त्यांतच रस्ता रानांतून जाणारा. ब्रह्मपुरीच्या वनविभागांत ताडोबाच्या संरक्षित रानाबाहेरहि वाघांची मोठी वस्ती आहे, आणि पहांट व सांज ह्या त्यांच्या हिंडण्याच्या वेळा. तरी वाघाहून झोंपेचें भय अधिक. वाघ क्वचित् आडवा येतो, झोंप रोज येते. म्हणून गांवीं राहणाऱ्या नटानेंहि वडशांत कोणाच्या तरी पडवींत एक चटई टाकून ठेवावी, आणि सूर्य वर आल्यावरच वाट धरावी. भाडें वांचविण्याच्या हौसेपायीं मोसम किंवा जीव गमावणें हा हिशेब नव्हे.

नागपूर, पुणें वा मुंबईहून मोसमापुरत्या येणाऱ्या नटांचा प्रश्न आणखी निराळा. पूर्वीं येथें स्त्रीभूमिका पुरुष करीत. आज त्या स्त्रियाच करतात, आणि त्यांतील कित्येक बाहेरून येतात. अशा नटीनें खोली पाहतांना भाड्याच्या आधीं तीन गोष्टी पाहाव्या. मोटार दारापर्यंत येते किंवा नाहीं. पहांटे पांचला दार उघडून देतांना घरमालकाच्या कपाळाला आठ्या पडतात किंवा नाहीं. आणि सारा गांव जागा झाल्यावर त्या घरांत दुपारपर्यंत झोंपतां येतें किंवा नाहीं. बाजारपेठेच्या तोंडावरची स्वस्त खोली झोंपेच्या दृष्टीनें महाग पडते. आणि बसलेला आवाज घेऊन मंचावर गेल्यास पुढल्या तारखांना दुसरीचें नांव लागतें.

होळी झाली कीं मोसम आटपतो. जाहिरातींचे रंग उन्हांत विटतात, आणि नट कोणी शेतावर, कोणी दुकानावर, कोणी शहरांत परततात. वर्षाचें भाडें भरून बसणें म्हणूनच फारच थोड्यांना परवडतें. बिऱ्हाड मोसमापुरतें करावें, घर मात्र मोडूं नये, हा येथल्या अनुभवी नटांचा रिवाज आहे. नगर मोठें असो वा लहान, कलेच्या पेठेंत उतरणाऱ्यानें ‘खोली कोठें स्वस्त आहे?’ एवढेंच विचारून भागत नाहीं. एखाद्याची जागा अकस्मात् रिकामी झाली तर मला बोलवायला कोठें येतील, आणि पहांटे मी परतलों तर दार कोण उघडील, हे दोन प्रश्न विचारावेत. ह्या दोहोंचें उत्तर जेथें एकच येतें, तेथें बिऱ्हाड करावें.