उद्योजकता आणि सामाजिक शास्त्रे

भांडवल गुंतवून नफा मिळविणे म्हणजे उद्योजकता, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अपुरा आहे. कर्ज कोणाला मिळते, कोणाच्या हातचा माल घेतला जातो, कोणाच्या शब्दावर उधारी दिली जाते, या प्रश्नांची उत्तरे केवळ अर्थशास्त्र देऊ शकत नाही. त्यासाठी समाजशास्त्राची कास धरावी लागते.

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या या सल्लागाराच्या योग्यतेविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. तथापि सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले व पेढी बंद पडली. बाजारालाही जात असते, हे या घटनेने सिद्ध केले.

या अनुभवामागील कारणमीमांसा बाबासाहेबांच्याच लेखनात सापडते. शेतीवर विसंबलेली अतिरिक्त श्रमशक्ती उद्योगधंद्यांकडे वळवावी, असे त्यांनी लहान शेतजमिनींवरील १९१८ च्या निबंधात प्रतिपादिले. परंतु माणसाला धंदा बदलण्याची मुभाच नसेल तर ही श्रमशक्ती वळणार कशी? जातिव्यवस्था ही श्रमिकांची विभागणी असून ती बेकारीचेही कारण आहे, हे १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथातील विवेचन येथे मोलाचे ठरते.

निदान सामाजिक असेल तर उपायही सामाजिकच हवा. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन झाले. केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने शासकीय खात्यांच्या व सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करण्याचे उद्दिष्ट ठरविले. पेढीला जे ग्राहक नाकारले गेले, ते मिळवून देण्याचाच हा प्रयत्न होय.

मात्र उद्योजक निर्माण झाला म्हणजे समाजहित आपोआप साधते, असे नव्हे. तथागतांनी दीघजाणूस उपदेश करताना उट्ठानसंपदेला, म्हणजे कौशल्यपूर्ण उद्यमशीलतेला, अग्रस्थान दिले. सिगालोवाद सुत्तात संपत्तीच्या चार भागांपैकी दोन व्यवसायात गुंतविण्यास सांगितले. त्याचबरोबर शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकांना वर्ज्य ठरविला. उद्यमाला प्रोत्साहन आणि त्याला नीतीची मर्यादा, या दोहोंचा मेळ बसला तरच उद्योजकाची प्रगती ही समाजाची प्रगती ठरेल.