हद्दीचे दोन दगड

प्रकाश सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर धावतो, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु सेकंदाचा दहा लक्ष अब्जावा अंश, ज्याला फेम्टोसेकंद म्हणतात, तेवढ्या अवधीत तो जेमतेम ०.३ मायक्रॉन सरकतो आणि माणसाच्या केसाची जाडी ओलांडावयास त्याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात. ज्या लेसरचा एकेक स्पंद तीस-चाळीस फेम्टोसेकंदांत आटोपतो, तेथे अंतराचा हिशेब हाच काळाचा हिशेब होऊन बसतो.

१९८५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी जी युक्ती सिद्ध केली, आणि जिच्याबद्दल २०१८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, तिचे मर्म असे, की स्पंदाने आपल्याच तीव्रतेने प्रवर्धकातील स्फटिक जाळू नये म्हणून त्याला आधी लांबवावे, मग बळ द्यावे व अखेरीस आखडून घ्यावे. लांबवलेल्या स्पंदात तांबडी छटा पुढे व निळी मागे असते. तेव्हा बारीक समांतर रेषा कोरलेल्या दोन पृष्ठांवरून नेताना तांबडीस लांबची व निळीस जवळची वाट देऊन दोघींस एकाच क्षणी मुक्कामी आणतात. ही दोन पृष्ठे परस्परांशी किंचित जरी असमांतर राहिली, तरी रंग फाकतात, झोताची एक कड दुसरीच्या पुढे जाते, आणि मोठ्या कष्टाने आखडलेला स्पंद पुन्हा पसरतो.

किरण वाटेवर आणण्याचा प्रघात मात्र साधा आहे. किरणाच्या वाटेत दोन आरसे असतात; त्यांच्यापुढे मधोमध भोक असलेले दोन पडदे एकमेकांपासून दूर रोवावेत. अलीकडच्या आरशाच्या स्क्रूने किरण पहिल्या भोकात आणावा, पलीकडच्याने दुसऱ्यात. दुसरा साधताना पहिला थोडा बिघडतोच, म्हणून पुन्हा पहिल्याकडे वळावे, आणि प्रत्येक फेरीस चूक कमी होत जाते. ८०० नॅनोमीटरचा हा अवरक्त किरण डोळ्यांस जवळजवळ दिसत नाही, परंतु डोळा मात्र जाळू शकतो. म्हणून संरक्षक चष्मा लावावा, घड्याळ-अंगठी उतरवून ठेवावी, आणि मेजाच्या उंचीस डोळे कधीही नेऊ नयेत.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १०० टेरावॉट शक्तीचा असा लेसर आहे. एवढ्या प्रचंड सामर्थ्याचीही भिस्त अखेर एका बिंदूने रेषा ठरत नाही, दोहोंनी ठरते, या भूमितीवरच असते. काम संपले तरी पडदे जागचे हलवीत नाहीत. रात्रीतून खोलीचे तापमान बदलून किरण ढळला असेल, तर मोजणी खात्याच्या हद्दीच्या दगडांप्रमाणे तेच सकाळी सांगतात, की कोण कोठे सरकले.