मेलबर्नमधली नेव्हिलची हॅटट्रिक

पेले, मॅराडोना ही नावं पहूर-जामनेरसारख्या गावांकडच्या पोरांनाही ठाऊक असतात. आपला फुटबॉलपटू नेव्हिल डिसूझा मात्र बहुतेकांना माहीत नसतो, आणि ही खरोखर खेदाची गोष्ट आहे!

जन्म 1932 सालचा, गोव्यातल्या आसगावचा. नाव गाजलं मुंबईच्या मैदानांवर, टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून.

1 डिसेंबर 1956, मेलबर्न ऑलिम्पिक. हंगेरीनं माघार घेतल्यानं भारत थेट पुढच्या फेरीत पोचला होता आणि समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियानं दोनदा बरोबरी साधली, पण नेव्हिल थांबला नाही. पन्नासाव्या मिनिटाला त्याचा तिसरा गोल झाला. पुढे त्याचा सहकारी किट्टू यानं चौथा केला. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई!

उपांत्य फेरीत बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. ती आघाडी टिकली नाही, सामना 4-1 असा गेला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीतला हा संघ अखेर चौथा आला. नेव्हिलचे एकूण गोल चार, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविच आणि बल्गेरियाच्या मिलानोव यांच्या बरोबरीचे.

1980 साली, पन्नाशीही न गाठता, तो गेला.