पोलादाची हमी आणि वजनाचा भुर्दंड

प्रवासी डब्याने टोकाकडून आठ लाख पौंडांचा, म्हणजे सुमारे 363 टनांचा दाब कायमचा न वाकता सोसला पाहिजे, ही अमेरिकेतली जुनी अट. 1999मध्ये तिथल्या संघीय रेल्वे प्रशासनाने ती नियमावलीत पक्की केली. युरोपात याच कसोटीला दीडशे ते दोनशे टन पुरतात. हा फरक गाडीच्या अंगावर चढतो. फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीचे इंजिन साधारण 68 टनांचे. तिच्या तंत्राचा आधार घेतलेल्या आणि 2000 साली धावू लागलेल्या अमेरिकी ‘असेला’चे नव्वदच्या वर. जास्त वजन म्हणजे जास्त वीज आणि रुळांची जास्त झीज. शिवाय धडक झालीच, तर जिरवावी लागणारी ऊर्जाही त्या वजनाबरोबर वाढते. संरक्षणासाठी घातलेले पोलाद असे धोक्यातही भर घालते.

यावर आक्षेप असा की, अमेरिकेत प्रवासी गाड्यांना हजारो टनांच्या मालगाड्यांबरोबर एकाच रुळावर धावावे लागते आणि वाटेत फाटकेही असतात. 1964मध्ये सुरू झालेल्या जपानच्या शिंकान्सेनला तोकियो-ओसाका असा स्वतंत्र, बिनफाटकाचा मार्ग मिळाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आपण हीच पद्धत घेतली. अशा मार्गावर हलकी गाडी चालते, मिश्र मार्गावर कशी चालावी? प्रश्न पोकळ नाही. पण 12 सप्टेंबर 2008 रोजी लॉस एंजेलिसमधल्या चॅट्सवर्थ भागात याच कडक नियमांखाली धावणारी लोकल लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली. तिचेच इंजिन मागच्या डब्यात खोलवर घुसले आणि 25 जण दगावले. मोटरमन मोबाइलवर संदेश पाठवत होता. अशा वेळी गाडीला आपोआप थांबवणारी यंत्रणाच कामी आली असती. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ती सक्तीची केली. सगळीकडे बसायला मात्र 2020 संपत आले. इच्छाशक्तीबद्दल यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा!

यंत्रणाही कधीतरी चुकतील, तेव्हा मजबुती लागणारच. फक्त ती कुठे असावी, हा मुद्दा. नव्या रचनेत डब्यांची टोके ठरवून चुरगळतात, धक्का तिथेच जिरतो आणि प्रवाशांची जागा शाबूत राहते. नोव्हेंबर 2018च्या अमेरिकी नियमाने ही कसोटी मान्य केली. अशा गाड्यांना ताशी 200 किलोमीटरपर्यंत इतरांच्या रुळावर मुभा आहे. त्यापुढे स्वतंत्र, बिनफाटकाचा मार्ग हवाच.