पेंढ्यातल्या इंधनाचा ताळेबंद

उसाच्या रसापासून किंवा मळीपासून इथेनॉल तयार करणे हे तुलनेने सरळ काम आहे, कारण तिथे साखर आयतीच विरघळलेली असते आणि यीस्ट तिच्यावर लगेच ताव मारते. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसाच्या साखरेपासून मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते, आणि साखरेची चणचण भासण्याची चिन्हे दिसताच २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसाच्या अशा वापरावर निर्बंध आणले. अन्न आणि इंधन यांच्यातील ही ओढाताण टाळण्यासाठी ज्या मार्गाकडे मोठ्या आशेने पाहिले गेले, तो म्हणजे धान्य काढून घेतल्यावर उरणाऱ्या पेंढ्यापासून, ताटांपासून आणि चिपाडापासून केलेले, ‘दुसऱ्या पिढीचे’ म्हणवले जाणारे इथेनॉल.

पेंढ्यातही साखर असते, पण ती वनस्पतीने बंदोबस्तात ठेवलेली असते. ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी म्हणजे सेल्युलोज. तिच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन, आणि या दोहोंना जखडून खोडाला ताठपणा देणारे लिग्निन, ज्यावर यीस्टची मात्रा मुळीच चालत नाही. म्हणून पेंढा बारीक करून, सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ यांनी त्याची वीण उसवावी लागते, आणि मग विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, सोडून सेल्युलोजचे तुकडे पाडावे लागतात. या विकरांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ या बुरशीचे मूळ वाण दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजवताना सापडले होते. सैन्याला जी पीडा वाटली, तिच्यावर आज एक उद्योग उभा आहे. एवढे करूनही हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही पाच कार्बनांची साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही, तिच्यासाठी जनुकीय बदल केलेले यीस्ट लागते. आणि १०० ग्रॅम ग्लुकोजपासून अगदी आदर्श स्थितीतही ५१ ग्रॅमच इथेनॉल मिळते, बाकीचे कार्बन डायऑक्साइड बनून उडून जाते.

प्रयोगशाळेत ही सर्व कोडी सुटली होती, तरीही कारखाने मात्र बुडाले. अमेरिकेने २००७ च्या कायद्याने २०२२ पर्यंत वर्षाला १,६०० कोटी गॅलन सेल्युलोजजन्य इंधनाचे उद्दिष्ट ठरवले होते. प्रत्यक्षात अबेंगोआचा कॅन्ससमधील कारखाना कंपनीच्या दिवाळखोरीसह २०१६ मध्ये बसला, आयोवातील नेवाडा गावचा ड्यूपाँटचा कारखाना २०१५ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये थांबला, आणि इटलीतील क्रेसेंतीनोच्या कारखान्यालाही त्याच वर्षी टाळे लागले. स्वस्त झालेले खनिज तेल आणि सरकारी धोरणाची धरसोड ही कारणे होतीच. पण शेतातून आलेल्या गाठींबरोबर माती आणि खडेही येतात आणि ते यंत्रांची झीज करतात, ही क्षुल्लक वाटणारी बाबही कमी महागात पडली नाही.

भारतात पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटित झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. त्यासाठी ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला, आणि वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना आहे. म्हणजे दहा टन पेंढ्याचा एक ट्रक रिता केल्यावर १,५०० लिटर इथेनॉल हाती येते, आणि लिटरमागे त्यातील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने ते जेमतेम १,००० लिटर पेट्रोलच्या तोडीचे ठरते. भांडवलाचे गणित तर याहून कडक आहे. वार्षिक उत्पादनाच्या प्रत्येक लिटरमागे ३०० रुपये गुंतलेले असल्याने, दहा टक्के व्याज धरले तरी लिटरला ३० रुपये त्यातच जातात, तेही कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर. मक्याच्या इथेनॉलला २०२३-२४ च्या हंगामात मिळालेला दर ७२ रुपयांच्या आसपास होता. शिवाय भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामधल्या दोन-तीन आठवड्यांतच वर्षभराचा पेंढा गोळा करून, गाठी बांधून, पाऊस आणि आग यांपासून जपून ठेवावा लागतो. फुकट समजला जाणारा हा कच्चा माल कारखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत फुकट राहत नाही.

पर्यावरणाचा हिशेब पेंढ्याचे एरवी काय झाले असते यावर अवलंबून असतो. पंजाब-हरियाणात तो शेतातच जाळला जात असेल, तर त्याचे इंधन करण्यात निर्विवाद लाभ आहे. महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे: उसाचे चिपाड कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते आणि त्यावरची सहवीज विकली जाते, पाचट शेतात पसरले तर ओल टिकते व जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, आणि ज्वारीच्या कडब्याला टाकाऊ म्हणण्याचे धाडस तर दुष्काळ पाहिलेला कोणताही शेतकरी करणार नाही. अशा ठिकाणी ‘अतिरिक्त बायोमास’चे आकडे कागदावर जितके मोठे दिसतात, तितके शिवारात सापडत नाहीत.

आयोवातील तो बंद कारखाना २०१८ मध्ये व्हर्बिओ या जर्मन कंपनीने विकत घेतला आणि तिथे मक्याच्या त्याच ताटांपासून इथेनॉलऐवजी मिथेन वायू काढायला घेतला. याच कंपनीचा पेंढ्यावर चालणारा प्रकल्प पंजाबात संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला, त्याची कमाल क्षमता दिवसाला ३३ टन संपीडित वायूची आहे. प्राणवायूविरहित टाकीतील जिवाणूंना पाच आणि सहा कार्बनांच्या दोन्ही साखरा चालतात, आणि वायू आपोआप वर येत असल्याने पातळ इथेनॉलमधून पाणी वेगळे करण्यासाठी लागणारी वाफ वाचते. लिग्निन याही टाकीत जवळजवळ तसेच राहते, पण ते गाळाबरोबर खत म्हणून शेतात परत जाऊ शकते, आणि पेंढ्याने जमिनीतून उचललेले पालाश व स्फुरद त्यासोबत परततात. अर्थात रोज निघणारे ते शेकडो टन ओले खत वाहून नेण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरल्याखेरीज या प्रकल्पांचाही जमाखर्च जुळत नाही.