उलटा वाचला गेलेला लेखक

मायकेल लुईस हे नाव आपल्याकडे बहुतेकांना कळलं ते ‘मनीबॉल’ आणि ‘द बिग शॉर्ट’ या त्याच्या पुस्तकांवरच्या सिनेमांमुळे. पैसा, खेळ आणि यश या तिन्हींवर लिहिणारा माणूस म्हटल्यावर त्याची पुस्तकं दुकानात ‘श्रीमंत कसे व्हाल’च्या शेजारी जाऊन बसतात. दुकानदाराला कशाला दोष द्या? वाचकांनी पहिल्या पुस्तकापासून हेच केलं आहे.

गैरसमज : लुईस यशाची गुरुकिल्ली सांगतात.

लुईस प्रिन्स्टनला कलेचा इतिहास शिकले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये असताना सेंट जेम्स राजवाड्यातल्या एका मेजवानीत त्यांच्या शेजारी सॉलोमन ब्रदर्स या बँकेतल्या बड्या अधिकाऱ्याची पत्नी बसली होती. तिने नवऱ्याकडे शब्द टाकला आणि लुईसना रोखे विकण्याची नोकरी लागली. पंचविशीतल्या पोराने मोठ्यांना गुंतवणूक शिकवावी आणि त्यासाठी त्याला लाखो डॉलर मिळावेत, हे त्यांना स्वतःलाच विचित्र वाटत होतं. नोकरी सोडून त्यांनी १९८९ साली ‘लायर्स पोकर’ लिहिलं. ते वाचून हुशार मुलं वॉल स्ट्रीटचा नाद सोडतील, अशी त्यांची अपेक्षा. झालं भलतंच. आणखी काही युक्त्या असतील तर कळवा, अशी विद्यार्थ्यांची पत्रं येऊ लागली!

२०१२ साली प्रिन्स्टनच्या पदवीदानाआधीच्या समारंभात त्यांनी यशाचाच विषय काढला. यशस्वी माणसाला आपल्या यशातला नशिबाचा वाटा मान्य करवत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी एक प्रयोग सांगितला : तिघातिघांचे गट केले, प्रत्येकात एकाला काही कारण नसताना म्होरक्या नेमलं आणि अर्ध्या तासाने चार कुकीज आणून ठेवल्या. तिघांच्या तीन. चौथी म्होरक्याने उचलली, आणि तीही आपला हक्कच असल्यासारखी.

गैरसमज : ‘मनीबॉल’ म्हणजे संगणक विरुद्ध अनुभव.

हे पुस्तक बेसबॉलवरचं. या खेळात पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. आपल्या वाइडचाच मोठा भाऊ. चेंडू सोडायला लागतो संयम, पण संयमाला टाळ्या पडत नाहीत, म्हणून त्याला भावही नव्हता. संघमालक पैसे मोजत ते पिळदार शरीराला आणि उत्तुंग फटक्याला. ओकलंड अॅथलेटिक्सचे व्यवस्थापक बिली बीन यांनी नेमका हा पडून राहिलेला माल उचलला. स्कॉट हॅटबर्ग हा कोपराच्या दुखापतीमुळे यष्टिरक्षकासारखी जागा गमावलेला खेळाडू. तो चेंडू पारखून सोडतो, एवढ्यासाठी त्याला घेतलं आणि पहिल्या तळावर उभं केलं. २००२ मध्ये ओकलंडने सलग २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यातला शेवटचा फटका हॅटबर्गचा होता. त्या हंगामात ओकलंडचे १०३ विजय, न्यूयॉर्क यांकीजचेही १०३. खेळाडूंच्या पगाराचा खर्च मात्र ओकलंडचा सुमारे ४ कोटी डॉलर आणि यांकीजचा त्याच्या तिप्पट.

म्हणजे २००३ चं हे पुस्तक खरं तर बाजारभावाबद्दल आहे. एखाद्या गोष्टीचं मोल सगळेच चुकीचं लावत असतील तर तिथे संधी असते, इतकंच. ही संधी टिकतही नाही. बॉस्टन रेड सॉक्सकडे पैसा होता. त्यांनी आकडेवारीचे भीष्माचार्य बिल जेम्स यांनाच नोकरीवर घेतलं आणि २००४ साली बेसबॉलमधली विजेतेपदाची मालिका, म्हणजे वर्ल्ड सीरिज, १९१८ नंतर पहिल्यांदा जिंकली. बीन यांच्या ओकलंडला ती एकदाही मिळाली नाही.

एक आक्षेप मात्र मला पटतो. ओकलंडच्या यशात हडसन, मल्डर आणि झिटो या तीन तरुण पिचरांचा वाटा प्रचंड होता, पण गोष्टीचा ओघ बिघडू नये म्हणून की काय, पुस्तकात त्यांना फारशी जागा नाही. तरी हा आक्षेप निदान पुस्तक वाचून घेतलेला होता. समालोचक जो मॉर्गन तर ते बीन यांनीच लिहिलं असं समजून त्यांच्यावर तोंडसुख घेत राहिले.

गैरसमज : २००८ चं आर्थिक संकट चार हावरट माणसांनी आणलं.

‘द बिग शॉर्ट’मध्ये हावरट आहेतच. पण लुईस बोट ठेवतात ते व्यवस्थेवर. सॉलोमन ब्रदर्स १९८१ पर्यंत भागीदारी पेढी होती. बुडालं तर भागीदारांचं स्वतःचं बुडायचं. ती कंपनी झाली आणि धोका भागधारकांच्या गळ्यात गेला. इतर पेढ्याही याच वाटेने गेल्या. लुईसचं म्हणणं असं, की संकटाच्या मुळाशी असलेले गृहकर्जांवरचे धोकादायक रोखे जुन्या भागीदारांनी स्वतःच्या पैशांनी साठवलेच नसते.

गैरसमज : इतरांची चूक हेरणारा लेखक स्वतः फसत नाही.

क्रिप्टो व्यावसायिक सॅम बँकमन-फ्राइड यांच्याबरोबर बराच काळ घालवून लुईसनी ‘गोइंग इन्फिनिट’ लिहिलं. ते ३ ऑक्टोबर २०२३ रोजी आलं आणि त्याच दिवशी बँकमन-फ्राइड यांच्यावरचा फसवणुकीचा खटला सुरू झाला. महिन्याभरात ज्युरीने त्यांना सातही आरोपांत दोषी ठरवलं, पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. पुस्तकातला नायक मात्र विसराळू, गोंधळलेला हुशार मुलगाच वाटत राहतो. माणूस गमतीदार दिसला की त्याचा भाव वाढवून लावायचा, ही चूक इथे लेखकानेच केली.

लुईस वाचायचे तर ‘लायर्स पोकर’पासून सुरुवात करा. ‘गोइंग इन्फिनिट’ ग्रंथालयातून आणलंत तरी चालेल.